नोकरी कोणाच्या मर्जीवर?

गेल्या आठवड्यात एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. ते मूळचे धारचे. आजोबांनी पवारांच्या संस्थानात कारकुनी केली, वडिलांनी मध्यभारत सरकारच्या शाळेत मास्तरकी केली, आणि आता उतारवयात लेकीकडे म्हणून ते आमच्या या सीमाभागात येऊन राहिले आहेत. बोलण्यात माळव्याचा हेल, वागण्यात जुन्या संस्थानी घराण्याची अदब. खुर्चीवर टेकता टेकता त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला व आमच्यापुढे ठेवला. त्यांचा पुतण्या पीथमपूरच्या एका कारखान्यात अकरा वर्षे काम करीत होता. एके दिवशी सकाळच्या पाळीला गेला, तो फाटकावरच त्याचा पास चालेना. पहारेकऱ्याने सांगितले, "तुमचे नाव यादीत नाही." चार दिवसांनी ठेकेदाराने हिशेब चुकता करण्यासाठी बोलावले, पैशाच्या पावतीबरोबर आणखी एका कागदावर सही घेतली, आणि त्या कागदावर छापील अक्षरांत लिहिले होते की, मी स्वखुशीने नोकरी सोडीत आहे!

"संपादकसाहेब, हे कायद्यात बसते का हो?" एवढेच त्यांनी विचारले.

प्रश्न एका ओळीचा आहे; परंतु त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. कायद्यात बसते का, हा एक. आणि न्यायात बसते का, हा दुसरा. या दोहोंची गल्लत करण्यात मालकांचे हित असते व ती गल्लत खपवून घेण्यात कामगाराचा घात असतो. म्हणून आज आम्ही या विषयास हात घालीत आहोत. धार-देवासशी आम्हां सीमावासीयांचे काय देणेघेणे, असे कोणी विचारील. ज्या कुमार गंधर्वांच्या गाण्याने देवासचे नाव देशभर गेले, ते आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. १९४८ साली ते देवासला गेले व अखेरपर्यंत तेथलेच होऊन राहिले. आणि नोकरी गमावलेल्या माणसाच्या घरातली चूल विझते, ती माळव्यात असो की उद्यमबागेत असो, सारखीच थंड असते.

धारच्या मातीला बडतर्फीचा अर्थ कोणी नव्याने शिकवायला नको. १८५७ च्या उठावात धारच्या किल्ल्यावर संस्थानच्या भाडोत्री शिपायांनी बंड केले. गादीवर आनंदराव पवार हे अल्पवयीन राजे होते. इंग्रजी फौजेने किल्ला घेतला आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने सबंध संस्थान खालसा करून टाकले. अपराध कोणाचा? बंडखोर शिपायांचा. शिक्षा कोणास? अजाण राजास! त्याची बाजू ऐकून घेण्याची गरज कोणास वाटली नाही. मग इंग्लंडातल्या पार्लमेंटापर्यंत ओरड झाली, आणि १८६० साली बैरसिया परगणा वगळून राज्य परत देण्यात आले. म्हणजे न्याय मिळाला तोही कापून, छाटून मिळाला. आजचा कामगार जेव्हा वर्षानुवर्षे खेटे घालून अर्ध्या पगारावर तडजोड पत्करतो, तेव्हा त्याच्या वाट्यास दुसरे काय येते?

देवासची कथा याहून बोधप्रद आहे. एकाच गावात दोन राज्ये होती: थोरली पाती व धाकटी पाती. ई. एम्. फॉर्स्टर हा विख्यात इंग्रज लेखक १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता व त्या अनुभवावर त्याने १९५३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. महाराज तिसरे तुकोजीराव हे दिलदार व भाविक पुरुष होते असा लौकिक आहे. परंतु दरबार शेवटी दरबारच. तेथे नेमणूक मर्जीने व्हायची आणि मर्जी फिरली की माणूस घरी बसायचा. पुढे राज्य कर्जात बुडाले, इंग्रजांच्या राजकीय खात्याने चौकशीचा बडगा उगारला, आणि खुद्द महाराजांना फ्रेंचांच्या पाँडिचेरीचा आश्रय घ्यावा लागला. १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. मर्जीच्या राज्याचा हाच स्वभाव आहे. ज्याच्या हाती आज दुसऱ्याची भाकरी आहे, त्याची भाकरी उद्या तिसऱ्याच्या हाती असते. कायदा असा एकटाच आहे की जो या उतरंडीतल्या सर्वांना एका पायरीवर उभे करू शकतो.

१९४८ साली धार व देवास मध्यभारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्यप्रदेशात आले. मध्यंतरी २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि त्याच्या ३११ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरास अभय दिले. आरोप कळविल्यावाचून, चौकशी केल्यावाचून व त्यास आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून त्याला बडतर्फ करता येणार नाही, काढून टाकता येणार नाही, खालच्या पदावर ढकलता येणार नाही. या नियमास अपवाद आहेत. ते थोडे आहेत व ते का लावले हे सांगण्याची जबाबदारी सरकारवर आहे. कालपर्यंत जो संस्थानचा चाकर होता, तो त्या दिवशी नागरिक झाला. हा बदल कागदी नव्हता.

राज्यांच्या सीमा हलल्या तरी हा हक्क हलत नाही, याची साक्ष आमच्या बाजूसही आहे. मुंबई राज्याच्या सेवेतील माधव लक्ष्मण वैकुंठे या मामलेदाराने आपल्या पदावनतीविरुद्ध केलेला दावा राज्यपुनर्रचनेनंतर म्हैसूर राज्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ साली न्यायालयाने सांगितले की, ही पदावनती म्हणजे शिक्षाच होय, आणि जबाब देण्याची रीतसर संधी दिल्यावाचून अशी शिक्षा करता येत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमानेही बजावले होते की, एका राज्यातून दुसऱ्या राज्याकडे सोपविलेल्या नोकरांच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या अहिताच्या रीतीने बदलता येणार नाहीत. ज्यांनी नकाशा बदलला, त्यांनाही नोकराची भाकरी बदलण्याची मुभा नव्हती!

सरकारी चाकराचे हे झाले. कारखान्यातल्या कामगाराचे काय? त्याची ढाल म्हणजे १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. ही ढाल एका दिवसात घडली नाही. ती वर्षानुवर्षे, संपांतून व खटल्यांतून घडत गेली. १९५३ साली तीत कामगारकपातीची शर्त आली: एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगारास कमी करावयाचे तर एक महिन्याची नोटीस अथवा तितके वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन दिलेच पाहिजे. बारा वर्षांच्या नोकरीस एकशेऐंशी दिवसांचे वेतन होते. कपात करताना शेवटी आलेल्याने आधी जावे, हा नियमही त्याच काळचा. १९६५ साली एकट्या कामगाराच्या बडतर्फीचा तंटाही औद्योगिक तंटा मानला जाऊ लागला. पूर्वी त्यासाठी संघटनेचा पाठिंबा लागे. १९७१ साली कामगार न्यायालयास आणखी मोठा अधिकार मिळाला. चौकशी बरोबर झाली की नाही एवढेच पाहून न थांबता, दिलेली शिक्षा अपराधाच्या मानाने जड आहे की काय, हेही न्यायालय पाहू लागले.

येथेच कायदा व न्याय यांची गाठ पडते, आणि ती कशी पडते याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रात्रपाळीला झोपलेल्या कामगारांना एका रसायन कारखान्याने बडतर्फ केले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या चुकीस बडतर्फी म्हणजे धक्का बसावा इतकी जड शिक्षा होय. पुढे पुण्याच्या भारत फोर्जमधील एक कामगार कामाच्या वेळी झोपलेला सापडला. त्याच्या नावावर तसले पूर्वीचे अपराध होते. २००५ साली त्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. झोप तीच, निकाल दोन! यात विसंगती आहे असे उथळ माणसास वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. चूक किती मोठी, पूर्वीचे वर्तन कसे, सुधारण्याची संधी दिली होती की नव्हती, हे सारे तोलून पाहणे यालाच न्याय म्हणतात. प्रत्येक बडतर्फी अन्यायाची असते असे आम्ही कधीही म्हटलेले नाही व म्हणणार नाही. जो कामगार जाणूनबुजून काम बुडवितो, सहकाऱ्याच्या जिवाशी खेळतो, त्याचा कैवार घेऊन कामगारांची बाजू बळकट होत नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की, तराजू असला पाहिजे, आणि तो मालकाच्या एकट्याच्या हातात असता कामा नये.

मालकाच्या एकट्याच्या हातात तराजू दिला म्हणजे काय होते, हे १९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. केंद्र सरकारच्या एका जलवाहतूक महामंडळाने आपल्या नियमांत लिहून ठेवले होते की, तीन महिन्यांची नोटीस दिली की कायम नोकरासही कारण न सांगता काढता येईल. न्यायालयाने त्या कलमास इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचे नाव बहाल केले आणि ते रद्द केले. दुबळ्या पक्षाने पोटासाठी ज्या करारावर सही केली, तो करार केवळ सही आहे म्हणून पवित्र होत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. पीथमपूरच्या त्या पुतण्याच्या छापील राजीनाम्याकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. दडपणाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे, ती सेवासमाप्तीच होय. मात्र दडपण होते हे सिद्ध करावे लागते, आणि तेथेच गरिबाचे पाऊल अडखळते.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. औद्योगिक संबंध संहिता संसदेने २०२० साली मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. जुना १९४७ चा कायदा तिच्यात विरून गेला. या संहितांतले जे चांगले आहे ते चांगले म्हणण्यास आम्ही कचरणार नाही. प्रत्येक कामगारास नेमणुकीचे पत्र दिलेच पाहिजे, असे आता कायदा सांगतो. नोकरीवरून काढलेल्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांच्या आत चुकते केले पाहिजे, असेही सांगतो. कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम कौशल्यनिधीत भरण्याची तरतूद आहे. या गोष्टी स्वागतार्ह आहेत.

परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले आहे, ते कोण सांगणार? पूर्वी शंभर अथवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास कपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागे. आता ही मर्यादा तीनशे झाली आहे. सेवेचे स्थायी आदेश, ज्यांत कोणत्या अपराधास कोणती शिक्षा व चौकशी कशी हे लिहिलेले असते, तेही आता तीनशे कामगारांच्या आस्थापनांपासूनच सक्तीचे आहेत. पीथमपूर व देवासच्या औद्योगिक वसाहतींत आणि आमच्या बेळगावच्या ओतकाम कारखान्यांत तीनशेहून कमी हातांवर चालणारे उद्योग किती आहेत, हे वाचकांनी आपल्या शेजारच्या चार घरांत विचारून पाहावे. त्यात आणखी मुदतबंद नेमणुकीची वाट मोकळी केली आहे. मुदत संपली की माणूस आपोआप बाहेर. त्याला कपात म्हणता येत नाही, शिक्षाही म्हणता येत नाही! तंटा उपस्थित करण्याची मुदतही तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली आहे. आणि दरमहा अठरा हजार रुपयांहून अधिक पगार घेणारा पर्यवेक्षक तर कामगारच नव्हे, असे संहिता म्हणते. त्याला कामगाराचे संरक्षण नाही आणि मालकाची ताकदही नाही.

उद्योगपतींचा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. काढणे सोपे झाले तर घेणेही सोपे होईल, मोठे कारखाने येतील, रोजगार वाढेल, असे ते म्हणतात. यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. मागणी नसताना कारखाना चालविता येत नाही, हे अडाण्यासही कळते. परंतु मागणी घटल्याने माणसे कमी करणे ही एक गोष्ट झाली. त्यासाठी नोटीस व भरपाईची वाट कायद्याने आखून दिली आहे. जो संघटना बांधतो, जो सुरक्षिततेची साधने मागतो, ज्याचे तोंड मुकादमास आवडत नाही, त्याला फाटकावर अडविणे ही अगदी निराळी गोष्ट झाली. पहिलीच्या नावाखाली दुसरी करावयाची, हा डाव आहे. घेणे सोपे व्हावे म्हणून काढणे सोपे करा असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो: सरकारी परवानगीची मर्यादा वर नेल्याने ऐकून घेण्याची जबाबदारी कशी काय संपते? एक नोटीस लिहिण्यास, एकदा जबाब ऐकण्यास, हिशेबाचे पैसे वेळेवर देण्यास कोणता कारखाना बुडाला आहे?

ठेकेदारीचा तर पडदाच निराळा. माणूस राबतो कारखान्यात, नाव असते ठेकेदाराच्या वहीत. काढले कोणी, असे विचारले की कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवितो आणि ठेकेदार कारखान्याकडे. १९७० च्या ठेका कामगार कायद्यानंतरही हा खेळ थांबला नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ठेकेदारी बंद केली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. परंतु ठेका हा नुसता बुरखा असेल, तर बुरखा फाडून खरा मालक कोण ते ठरविता येते. हा बुरखा फाडण्यास पुरावा लागतो. हजेरीपत्रक कोण ठेवीत होते, काम कोण वाटून देत होते, रजा कोण मंजूर करीत होते, यांची उत्तरे लागतात. ही उत्तरे कामगारानेच जपून ठेवावयाची असतात.

म्हणून आमच्या वाचकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. नेमणुकीचे पत्र मागून घ्या. आता तो तुमचा हक्क आहे. वेतनाच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक, पासाची प्रत घरातल्या पेटीत ठेवा. कोऱ्या अथवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. पैशाच्या पावतीवर सही करावीच लागली तर 'हक्क राखून' असे स्वहस्ते लिहा. तोंडी काढले तर त्याच आठवड्यात लेखी विचारणा करा व तिची पोच ठेवा. आरोपपत्र आले तर उत्तर द्या. चौकशीस हजर राहा. आणि दिवस मोजीत बसू नका, सामोपचार अधिकाऱ्याकडे तातडीने अर्ज करा. दोन वर्षे ही फार वाटतात, पण बेकार माणसाच्या घरात ती कशी निघून जातात हे त्याच्या बायकोस विचारावे.

न्याय मिळत नाही असे नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या एका शिक्षिकेस २००७ साली शाळेने काढून टाकले. शाळा न्यायाधिकरणाने तिला मागील पगारासह परत घेण्यास सांगितले, उच्च न्यायालयाने मागील पगार नाकारला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मिळवून दिला. बेकायदा काढलेल्यास परत घेताना मागील पूर्ण वेतन देणे हाच सर्वसाधारण नियम होय, असे त्या न्यायालयाने ठामपणे सांगितले. ज्याने बेकायदा काढले त्यानेच त्या अन्यायाचा फायदा घ्यावा, हे न्यायास मान्य नाही. पण २००७ ते २०१३ या सहा वर्षांत त्या बाईंनी घर कसे चालविले असेल? कायदा पुस्तकात आहे, न्यायाधीश आसनावर आहेत, आणि मधले अंतर कापण्यास माणसाचे अर्धे आयुष्य लागते. सरकारला खरोखर सुधारणा करावयाची असेल, तर तिने या अंतरास हात घालावा. बडतर्फीचे तंटे ठरावीक मुदतीत निकाली काढण्याचे बंधन घालावे, न्यायाधिकरणांवरील जागा रिकाम्या ठेवू नयेत, आणि चौकशीवाचून काढता येणार नाही हा नियम तीनशेच्या खालच्या कामगारासही स्पष्ट अक्षरांत लागू करावा.

त्या वृद्ध गृहस्थांस आम्ही काय उत्तर दिले? आम्ही त्यांना सांगितले, "काका, अकरा वर्षे राबलेल्या माणसास नोटिशीवाचून, भरपाईवाचून फाटकावर अडविणे हे कायद्यात बसत नाही. ते न्यायात तर मुळीच बसत नाही. कायद्याचे दार उघडे आहे, परंतु ते ढकलावे लागेल. पुतण्यास म्हणावे, एकट्याने ढकलू नकोस; ज्या ज्या सोबत्यांचे पास त्या सकाळी चालले नाहीत, त्यांना घेऊन जा."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली व उठता उठता म्हणाले, "आमच्या आजोबांना दरबाराने काढले असते, तर ते देवीच्या देवळात जाऊन बसले असते. दुसरे ठिकाणच नव्हते."

आज ठिकाण आहे. ते संविधानाने दिले आहे, कामगारांनी झगडून मिळविले आहे, आणि आपण जागे राहिलो नाही तर ते एकेका कलमाने, एकेका मर्यादेने आपल्या हातून सुटत जाणार आहे. नोकरी ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती ज्याने आपल्या घामाने कमावली त्याची ती मिळकत आहे. मिळकत हिरावून घ्यायची असेल तर कारण सांगा, जबाब ऐका, मोबदला द्या! एवढे करण्याची ज्याची तयारी नाही, त्यास मालक म्हणवून घेण्याचा अधिकार नाही, आणि हे निमूट पाहणाऱ्या सरकारास लोकांचे सरकार म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.